कागदाची मागची बाजू

चिनेंबिरीच्या बाजारात मुचानेताला नावानं हाक मारणारे फार थोडे होते. गल्लीत ती मुफारोची आई, आणि बाजारात भाववाली बाई. दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी ती बस स्टँडच्या बाजूनं बाजारात शिरायची. डोक्यावर निळी लोकरीची टोपी, हातात पॅड, पॅडला सुतळीनं बांधलेली पेन्सिल. एकशे चौदा वस्तू आणि सतरा दुकानं. मक्याचं पीठ, तेल, साखर, साबण, रॉकेल, सुके मासे, शाळेचे बूट, अगदी पुरुषांच्या केस कापण्याचा दरसुद्धा. सगळे भाव पिवळ्या कागदावर लिहायचे आणि राजधानीला, हरारेला पाठवायचे. तिथले साहेब देशभरातून आलेले असे कागद एकत्र करून महागाई किती वाढली त्याचा आकडा काढत. आकडेवारी खात्यात हे काम तिनं बावीस वर्षं केलं.

खात्याचा एक नियम होता: जे डोळ्यांनी दिसेल तेच लिहायचं. कुणी सांगितलं, कुणी ऐकलं, ते चालायचं नाही. मुचानेतानं हा नियम चर्चमधल्या दहा आज्ञांच्या खाली अकरावा म्हणून धरला होता. एका वर्षी भाव तोच ठेवून बेकरीवाल्यानं पाव लहान केला, तेव्हा ही घरून तराजू घेऊन गेली आणि पाव तोलून आली. कागदावर लिहिलं, ‘भाव तोच, पाव लहान.’ हरारेहून त्याबद्दल शाबासकीचं पत्र आलं. ते तिनं बायबलात घालून ठेवलं.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असायची. ही माहिती गुप्त राहील, दुकानदाराचं नाव कुणालाही सांगितलं जाणार नाही, अशी. नवा दुकानदार कां-कूं करायला लागला की मुचानेता त्या ओळीवर पेन्सिल टेकवायची. “वाचा. सरकारनं दिलेला शब्द आहे.”

तिला आणखी एक सवय होती, ती मात्र कुणी शिकवली नव्हती. भाव का चढला ते दुकानदार बोलून जायचे, ते ती कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवायची. ‘लॉरी आली नाही.’ ‘डिझेल काळ्या बाजारातून.’ ‘घाऊकवाला रोज भाव बदलतो.’ हरारेत कुणी ते वाचतं की नाही, तिला माहीत नव्हतं. पण नुसता आकडा लिहिला की तिला अपुरं वाटायचं.

तिच्या यादीतलं तिसरं दुकान जायरोसचं. पाटीवर सिंहाचं चित्र, कारण घराण्याचं देवकच सिंह. मुचानेताचा नवरा ओबेद आणि जायरोस यांचं देवक एक, म्हणजे रीतीनं ते भाऊ. ओबेद रस्ते खात्यात ड्रायव्हर होता, नव्व्याण्णव साली गेला. वर्षभरानं विधी झाला तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिच्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं. ज्या दिराच्या घरी राहायचं त्याच्या हातात ते द्यायचं, अशी रीत. दोन दीर आंघोळ करून, नवे शर्ट घालून बसले होते. मुचानेतानं भांडं उचललं आणि नणंदेच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. म्हणजे मला कुणाच्याच घरी जायचं नाही. कुजबुज सुरू होणार तोच जायरोसनं मान्य असल्याची खूण म्हणून दोनदा टाळी वाजवली आणि म्हणाला, “बाईनं उत्तर दिलं. आता जेवायला बसायचं का? कोंबडी थंड होतेय.” लोक हसले आणि विषय तिथंच संपला. त्या टाळीमुळे आपलं घर आपल्याकडे राहिलं, हे ती कधी विसरली नाही.

दुकानाबाहेर एक बाकडं होतं. दोन हजार सातच्या सुरुवातीला, एका सोमवारी, ती तिथं टेकली. शेजारी निवृत्त तागुमा मास्तर रेडिओ कानाला लावून बसले होते. जायरोस आतून भावाची पाटी पुसत म्हणाला, “वहिनी, थांबा जरा. सकाळी लिहिलेला भाव जुना झाला.”

“आता मी लिहिलं की परत बदलू नका, भाऊजी. माझा खोडरबर संपलाय.”

“माझा खडू संपलाय. मला सांगा, अख्ख्या देशाचे भाव तुमच्या खात्याकडे जमतात. कुणाचं पाप आहे हे?”

मास्तर मध्येच म्हणाले, “पाप कसलं? पाऊस नाही, बाहेरच्या देशांनी नाड्या आवळल्यात. सरकार काय आभाळाला शिडी लावणार?”

“आभाळाला नाही लावली मास्तर, छापखान्याला लावली,” जायरोस म्हणाला. “वर चढून नोटा खाली टाकतायत.”

“तू दुकानदार. तू असंच म्हणणार.”

दोघंही मुचानेताकडे बघायला लागले. ती सहसा अशा बोलण्यात पडत नसे. पण त्या दिवशी बोलली. “ब्याण्णव साली पाऊस अजिबात नव्हता, मास्तर. आठवतंय ना, बैल उभ्या उभ्या मेले. पिठाचा भाव चढला. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि भावाची धाव कमी झाली. मी लिहिलंय ते माझ्या हातानं. मग सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात, तेव्हा बैलही होते, मकाही होता, आणि एका शुक्रवारी आपल्या देशाचा डॉलर जो घसरला तो पुन्हा सावरलाच नाही. सरकारनं नसलेले पैसे वाटले होते. तेव्हापासून मी बघते. आधी नव्या नोटा येतात, मागून भाव चालत येतो. आताशा धावत येतो.”

“म्हणजे सगळं सरकारचंच?” मास्तर म्हणाले.

“सगळं नाही म्हणत मी. भाव चढेल म्हणून तेलाच्या बाटल्या मंगळवारपर्यंत मागच्या खोलीत ठेवणारे भाऊजीसुद्धा आहेतच की.”

जायरोस पोट धरून हसला. “बघा मास्तर, घरचीच माणसं कशी असतात. बरं वहिनी, गेल्या महिन्यात तुमचा पगार वाढला. तो कुठल्या झाडाला लागला होता?”

“त्याच छापखान्यातला,” ती म्हणाली, आणि पेन्सिल उचलून साबणाकडे वळली.

जूनच्या शेवटी हुकूम सुटला. रेडिओवर दर तासाला सांगत होते: दुकानदार लुटारू झालेत, त्यांनी भाव महिन्याच्या मध्यावर होते तिथं परत आणावेत, म्हणजे जवळजवळ अर्ध्यावर. जो आणणार नाही तो तुरुंगात. दुकान बंद ठेवणाराही तुरुंगात. गावागावात भाव तपासणारी पथकं निघाली. त्यात पोलीस होते, सत्ताधारी पक्षाची पोरं होती आणि मस्विंगो शहरातून आलेला एक इन्स्पेक्टर होता.

बुधवारी सकाळी मुचानेता ऑफिसात गेली तर पिवळ्या कागदांचं कपाट उघडं. आत हरारेला पाठवायचा राहिलेला जूनचा गठ्ठा नव्हता. तिचे साहेब मद्झिवा खिडकीशी उभे राहून चष्मा पुसत होते.

“कागद कुठं गेले, साहेब?”

“त्यांनी नेले. महिन्याच्या मध्याला कोणत्या दुकानात काय भाव होता, हे दुसऱ्या कुणाकडे लिहिलेलं नाही. आपल्याकडेच आहे.”

“खालची ओळ वाचली का त्यांनी?”

“वाचली. म्हणाले, छान छापलंय.” मद्झिवांनी चष्मा घातला. “मला तीन मुलं आहेत, मुचानेता. त्यांच्याबरोबर बंदूक घेतलेला एक होता. मी काय करायला हवं होतं ते तू सांग.”

पॅड टेबलावर ठेवून ती तशीच बाहेर पडली. जायरोसला सांगायचं, की पाटीवरचे भाव आत्ताच्या आत्ता पुसून माझ्या कागदावरचे लिहा. ऑफिसपासून बाजार वीस मिनिटांवर. तिनं चपला हातात घेतल्या आणि पळत निघाली. पन्नाशीची बाई रस्त्यानं पळतेय हे बघून कुणीतरी विचारलंसुद्धा, काय मयत झालं का म्हणून.

ती पोचली तेव्हा दुकानासमोर ट्रक उभा होता. इन्स्पेक्टरच्या हातात पिवळा कागद होता. तो एकदा कागदाकडे बघायचा, एकदा पाटीकडे. हुकूम आल्यावर जायरोसनं भाव खाली आणले होते, पण महिन्याच्या मध्याला जे होते तिथपर्यंत नाही. थोडे वर ठेवले होते. तेव्हाचे भाव हेच होते, असं तो सांगत होता. गावातला प्रत्येक दुकानदार तेच सांगत होता, कारण त्या जुन्या भावानं विकलं असतं तर दुसऱ्या दिवशी घाऊकवाल्याकडून अर्धा मालही आला नसता.

“खोटं,” इन्स्पेक्टर म्हणाला आणि कागद त्याच्या नाकासमोर धरला. “तेल, साखर, साबण. तिन्ही खोटं.”

जायरोसनं कागद बघितला. मुचानेता सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ मारायची, मिशनच्या शाळेत सिस्टरनं शिकवल्याप्रमाणे. गावात दुसरं कुणी तसा सात काढत नसे. त्यानं मान वर केली तेव्हा ती गर्दीच्या कडेला चपला हातात घेऊन उभी होती. त्याला ट्रकमध्ये चढवलं, आणि त्याच्या बायकोला, नेत्सायला, गल्ल्यावर उभं केलं. सगळा माल कागदावरच्या भावानं आत्ता विकायचा.

मग लोक आत घुसले. ही सगळी ओळखीची माणसं होती. चर्चच्या भगिनी मंडळातल्या बायका, दवाखान्यातला शिपाई. तागुमा मास्तर साबणाच्या चार वड्या छातीशी धरून बाहेर आले. मुचानेता दिसताच त्यांनी नजर दुसरीकडे वळवली आणि रेडिओ विसरल्यासारखं करून खिसे चाचपत निघून गेले. दोन तासांत फळ्या रिकाम्या झाल्या.

ती घरी आली तेव्हा मुफारो चुलीपाशी होती. मुफारो तिची एकुलती एक, प्राथमिक शाळेत शिक्षिका. टेबलावर तेलाची बाटली आणि साखरेची पिशवी.

“कुठून आणलंस?”

“काकांच्या दुकानातून. शाळा सोडून सगळेच धावले. मी नसतं घेतलं तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं, आई.”

“काकूनं दिलं तुला?”

“पिशवीत घालून दिलं. माझ्याकडे बघितलं नाही.” मुफारोनं बाटली टेबलाच्या कडेला सरकवली. “परत नेऊन देऊ का?”

“कुणाला देशील? तो आत आहे आणि तिच्यासमोर पोलीस बसलाय.”

तेल राहिलं. चार महिन्यांत घरात फोडणी पडली नव्हती. त्या दिवशी पालेभाजी तेलात परतली गेली आणि दोघींनी सद्झाबरोबर, मक्याच्या घट्ट उकडीबरोबर खाल्ली. भाजी चवीला चांगली झाली होती. ते चांगलं लागणंच मुचानेताला पुढे फार दिवस खुपत राहिलं.

चौथ्या दिवशी जायरोस जामिनावर सुटला आणि दुसऱ्याच दिवशी कोर्टाचा शिपाई मुचानेताच्या दारात आला. साक्षीला यायचं होतं. कागदावरचं अक्षर तिचंच आहे एवढं सांगायचं होतं.

ती संध्याकाळी जायरोसच्या घरी गेली. दारातच गुडघे टेकले, ओंजळीसारखे हात एकावर एक धरून हळूच टाळी वाजवली. आतून ‘या’ असं उत्तर यायला बराच वेळ लागला.

“कागद तुम्ही दिलात?” जायरोसनं विचारलं.

“मी भरला. दिला साहेबांनी.”

“मग झालं. तुमचा काय दोष.”

“मला साक्षीला बोलावलंय, भाऊजी.”

जायरोस हसायला गेला, पण ओठ फाटलेला होता, त्यामुळे नीट हसता आलं नाही. “मग सोपं आहे. सांगा, अक्षर माझं नाही. सही तर कागदावर नसतेच तुमची. त्यांच्याकडे दुसरा पुरावा काय आहे?”

नेत्साय आतल्या दारात उभी होती. इतक्या वेळात ती पहिल्यांदा बोलली. “म्हणतील की. एवढं तर जाऊबाई म्हणतीलच. कुणाचा जीव थोडाच घ्यायचाय.”

मुचानेता मान खाली घालून बसली होती. जायरोस तिच्याकडे बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, “तू उगाच आशा धरू नकोस. पाव तोलणारी बाई आहे ती.”

कोर्टात जायच्या दिवशी मुचानेतानं ठरवलं होतं. नाही म्हणायचं. तीन मैल चालत ती मनातल्या मनात तेच घोकत गेली. नाही, साहेब. माझं नाही, साहेब. चर्चसमोरून जाताना तिनं देवाची आगाऊ माफीसुद्धा मागून ठेवली.

पिंजऱ्यात उभी राहिल्यावर शिपायानं कागद तिच्या हातात दिला. ते आपले आकडे होते. मिशनच्या सिस्टरनं छडी मारून वळवलेले. वर कोपऱ्यात तारीख होती, आणि कुठल्याशा आकड्यावर पेन्सिलीचं टोक मोडल्याचा ठिपका होता. त्या दिवशी जायरोसनं तिला चाकू दिला होता, टोक करायला.

“हे अक्षर तुमचं आहे का?” मॅजिस्ट्रेटनं विचारलं.

ती म्हणाली, “साहेब, कागद उलटा करा. मागं लिहिलंय. त्याच आठवड्यात घाऊक भाव काय होता ते लिहिलंय. डिझेल कुठून आणावं लागलं ते लिहिलंय. जुन्या भावानं विकलं असतं तर यांना...”

“मागची बाजू फॉर्मचा भाग नाही. अक्षर तुमचं आहे का? हो की नाही?”

“साहेब, खाली एक ओळ आहे, ती तरी...”

“हो की नाही, बाई?”

“हो,” ती म्हणाली.

तोंडातून ते कसं निघालं, तिला कधी कळलं नाही. खोटं बोलायची सवय नव्हती म्हणून, की सरकारी माणसानं दरडावून विचारलं की हो म्हणायची इतक्या वर्षांची सवय होती म्हणून? पुढे कितीतरी महिने ती स्वतःला हे विचारत राहिली. पहिलं असेल तर निदान झोप लागेल, असं तिला वाटायचं. पण खात्री पटत नसे.

जायरोसला दंड झाला आणि तुरुंगाच्या शेतावर सहा आठवडे सक्तमजुरी. निकालानंतर नेत्साय तिच्या शेजारून गेली, तिच्या शालीचं टोक मुचानेताच्या हाताला लागलं, पण ती थांबली नाही.

सप्टेंबरच्या शेवटी तो सुटून आला. सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा अंगावर लोंबत होता. तुरुंगात दिवसातून एकदा जेवण, तेही कधी कधी नाही. आणि सोबत एक खोकला घेऊन आला होता. दुकान बंद ठेवायचं नाही हा हुकूम कायम होता, म्हणून तो रोज सकाळी दुकान उघडायचा आणि रिकाम्या फळ्यांसमोर बसायचा. विकायला आगपेट्या, मीठ आणि बुटाचं काळं पॉलिश. सगळ्या गावात हीच गत. अर्ध्या किमतीचा आनंद दोन दिवस टिकला. मग तेल दिसेना, साखर दिसेना, आणि जे काही मिळे ते कुणाच्या तरी परसातून, दहापट भावानं. सरकार नोटांवर शून्यं वाढवत होतं, आणि कागद कमी पडला की शून्यं कापत होतं.

मुचानेता दर महिन्याला पॅड घेऊन जातच होती. परसातला भाव सगळ्या गावाला माहीत होता, पण तो फळीवर दिसत नव्हता, म्हणून लिहिता येत नव्हता. तेल: माल नाही. साखर: माल नाही. साबण: माल नाही. जायरोसच्या दुकानात ती दारातूनच विचारायची. तो उठून उभा राहायचा, रीत सोडायचा नाही.

“या बाई. लिहा, मीठ आहे.”

वहिनी म्हणणं त्यानं सोडलं होतं. नेहमीसारखं अहो-जाहो करायचा, पाणी विचारायचा, पण हाक मारायची झाली की बाई. ती वाट बघायची. एकदा तिनं मुद्दाम “भाऊजी, खोकल्याला काही घेतलंत का?” असं विचारलं. तो म्हणाला, “निलगिरीचा पाला उकळतो, बाई.” आणि पॉलिशच्या डब्या सरळ रांगेत मांडायला लागला.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो गेला. इस्पितळात नेलं होतं, पण औषध बाहेरून आणा म्हणाले, आणि बाहेर कुठंच नव्हतं.

मयताच्या घरी बायका आत चटयांवर आणि पुरुष बाहेर शेकोटीभोवती, तशी बसली होती माणसं. मुचानेता रीतीनं त्या घराण्याची सून. सुनांची कामं ठरलेली: पाणी भरायचं, सद्झा ढवळायचा, आणि दफनाच्या आधी मेलेल्याची नक्कल करून लोकांना हसवायचं. सुनांना त्या दिवशी सगळं माफ असतं. ती सगळ्यात मागे भांडी घासत बसली होती. कुणी बोलावलं नाही तर बरं, असं तिला वाटत होतं.

दुपारी सारुद्झाई नावाची धाकटी सून जायरोसचा ॲप्रन बांधून आणि त्याचा चष्मा लावून अंगणात आली. पोट पुढे काढून, खडू कानावर अडकवून ती चालायला लागली तशी माणसं हसायला लागली. हुबेहूब तसंच चालायचा तो. तिनं हवेतली पाटी पुसली, लिहिली, परत पुसली. मग डोळ्यांवर हात धरून इकडेतिकडे बघत ओरडली, “माझी भाववाली कुठं आहे? तिच्याशिवाय मी दुकान कसं उघडू? या वहिनी, या.”

बायकांनी मुचानेताला हाताला धरून उठवलं. कुणीतरी तिच्या हातात पुठ्ठ्याचा तुकडा दिला. दहा महिन्यांत तिनं ती हाक ऐकली नव्हती, आणि ऐकली ती सारुद्झाईच्या तोंडून.

“काय देऊ वहिनी? तेल देऊ का? साखर देऊ?”

“भाव सांगा, भाऊजी,” मुचानेता म्हणाली. तिनं पुठ्ठा पॅडसारखा धरला. लोकांना वाटलं तीही छान नक्कल करतेय.

“भाव सांगतो, पण कुणाला सांगाल तर बघा.”

“नाही सांगणार. खाली लिहिलंय तसं.”

पुरुषांच्या बाजूनं मोठा हशा उठला. सारुद्झाईला चेव चढला. तिनं चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, कमरेवर हात ठेवले. “आणि कोर्टात विचारलं तर?”

हशा विरत गेला. एक म्हातारी “पुरे गं पोरी” असं पुटपुटली. मुचानेता पुठ्ठा हातात धरून उभी होती. तिनं तो उलटा केला, मागची बाजू पुढे धरली, जणू तिथं काही लिहिलंय. “मी त्यांना म्हटलं, कागद उलटा करा,” ती म्हणाली. “मी म्हटलं होतं. मी म्हटलं होतं, भाऊजी.” ती तिथंच मातीत बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. मयताच्या घरात कुणी रडलं तर नवल नसतं, पण त्या वेळी सगळे तिच्याकडे बघत राहिले.

आतून एक बाई आली. “तिला आत आणा म्हणतेय नेत्साय.”

आत शवपेटीशेजारी चटईवर नेत्साय पाय पसरून बसली होती. तिनं मुचानेताकडे बघितलं नाही. फक्त थोडी सरकली, एका माणसापुरती. मुचानेता तिथं बसली, दफनापर्यंत.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हरारेहून पत्र आलं. पुढील सूचना येईपर्यंत भाव गोळा करू नयेत, दुकानांत नोंद करण्यासारखा मालच नाही. पत्र मुचानेतानंच उघडलं, कारण मद्झिवा साहेब एका शुक्रवारी बोट्सवानाला गेले होते ते परत आले नव्हते. तिनं कपाटाला कुलूप घातलं, किल्ली तालुक्याच्या साहेबांकडे दिली, आणि सोबत नोकरी सोडल्याची चिठ्ठी. साहेब म्हणाले, दोन वर्षं काढलीस तर पूर्ण पेन्शन मिळेल. ती म्हणाली, पूर्ण पेन्शनमध्ये काय येतं ते मला माहीत आहे, मीच लिहीत होते.

पुढच्या वर्षी परदेशी पैसा चालू झाला आणि महिन्याभरात फळ्या परत भरल्या. जायरोसच्या दुकानात मुतारेच्या एका माणसानं मोबाईलची कार्डं विकायला सुरुवात केली. सिंहाच्या चित्रावर त्यानं हिरवा रंग दिला. नेत्सायनं झाकाला भावाच्या गावी जायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी ती मुचानेताच्या घरी आली. दोघी अंगणात बसल्या, चहा झाला. एवढ्या काळात त्या दोघी कोर्टाबद्दल कधी बोलल्या नव्हत्या.

“जाऊबाई, एक विचारू? तुम्ही बावीस वर्षं भाव लिहिलेत. हे सगळं केलं कुणी?”

“सरकारनं,” मुचानेता म्हणाली.

“सगळं?”

मुचानेतानं कप खाली ठेवला. “नोटा त्यांनी छापल्या. हुकूम त्यांनी काढला. पाऊस नव्हता, ते त्यांचं नाही. बाकीचं पुष्कळ त्यांचंच. पण पिवळा कागद माझा होता, कपाट मद्झिवा साहेबांचं, आणि साबण मास्तरांनी नेला. तेल माझ्या घरात शिजलं. आम्ही सगळे पगार घेत होतो किंवा स्वस्तात घेत होतो. सरकारला हात किती असतात, नेत्साय? आमचेच असतात.”

नेत्सायनं कपातली उरलेली पत्ती बाजूला ओतली. मुचानेतानं धीर करून विचारलं, “भाऊजी काही म्हणाले का माझ्याबद्दल? शेवटी?”

“नाही,” नेत्साय म्हणाली. “तुमचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. मी एकदा काढलं तर म्हणाले, पाणी दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुचानेता नेत्सायचं गाठोडं डोक्यावर घेऊन स्टँडपर्यंत गेली. बस भरलेली होती. गाठोडं टपावर चढवून होईपर्यंत नेत्साय आत खिडकीपासून लांब कुठेतरी उभी राहिली होती, त्यामुळे दिसली नाही. बस गेल्यावरही मुचानेता थोडा वेळ तिथंच थांबली. झाकाहून पुढे तिचा निरोप आला नाही.